घराला दोन वाटा : एकाहून अधिक इंटरनेट जोडण्यांचे गृहजाल कसे उभारावे

आमच्या विद्यार्थिदशेत शिष्यवृत्तीचा अर्ज कागदावर असे. तो मुख्याध्यापकांच्या सहीने समाजकल्याण कार्यालयात जाई आणि एखादी गाडी चुकली तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने जाता येई. आज शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माण किंवा विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेशफेरीत महाविद्यालयांचा पसंतीक्रम ठरलेल्या वेळेच्या आत ऑनलाइन नोंदवावा लागतो. प्रवेशपत्र, निकाल, नोकरीची मुलाखत ही सारी कामे त्याच तारेतून घरात येतात. मुदतीच्या शेवटच्या तासात ती तार मुकी झाली, तर विद्यार्थ्याचे एक वर्ष पणाला लागते. म्हणूनच एका घरात दोन इंटरनेट जोडण्या घेऊन त्या नीट कशा नांदवाव्यात, याचा पाठ या स्मरणिकेत द्यावा असे आम्हांस वाटले. आपले अनेक माजी विद्यार्थी आज अकोला-अमरावतीत घर करून राहतात. त्यांची मुले शिकत आहेत आणि काहींची मुले पुण्यातील कंपनीचे काम घरूनच करतात. उदाहरणासाठी आम्ही अकोल्याच्या जठारपेठेतील एक कल्पित घर घेतो. तळमजल्यावर आजी-आजोबा, वरच्या मजल्यावर आई-वडील, बारावीची मुलगी आणि संगणकावर नोकरी करणारा तिचा मोठा भाऊ.

गरज कशी वाढली

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने सुरू केली. तेव्हा ते दूरध्वनीच्या तारेवरून, क्रमांक फिरवून मिळे. इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा फोन अडलेला राही. त्या काळी ते नसले तरी कोणाचे अडत नव्हते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आले. त्याच वर्षी राज्यातील विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षाही मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन झाल्या.

वसतिगृहाशी नाते असलेल्या आपणा सर्वांना एक निकाल ठाऊक असावा. केरळमधील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात सायंकाळच्या ठरावीक तासांत मोबाइल वापरण्यास मनाई होती. तो नियम एका विद्यार्थिनीने मानला नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढण्यात आले. 'फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. इंटरनेटपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले. न्यायालयाने हक्क मानला, तरी तार जोडलेली ठेवण्याचे काम मात्र घरातल्या माणसांनाच करावे लागते.

साखळी कोठे तुटते

आपल्या मोबाइलपासून दूरच्या संगणकापर्यंत संदेश जातो तो पाच कड्यांमधून. पहिली कडी घरातील उपकरणांची, दुसरी विजेची, तिसरी घरापासून रस्त्यावरील खांबापर्यंतच्या केबलची, चौथी कंपनीच्या स्थानिक केंद्राची आणि पाचवी दूरच्या मोठ्या मार्गांची.

वऱ्हाडात या प्रत्येक कडीची परीक्षा होते. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बंद कपाटात ठेवलेला राउटर तापून अडखळू लागतो. मान्सूनपूर्व वादळात फांद्या मोडतात आणि खांबांवरून, झाडांवरून नेलेल्या फायबरच्या केबल तुटतात. नळाच्या किंवा नालीच्या कामासाठी रस्ता खोदला की जमिनीखालची केबल कापली जाते. वीज गेली की डबा बंद पडतो. पाचवी कडी दूरची असली तरी तिचाही फटका बसतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्राखालील केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले होते.

दुसरी जोडणी तिसऱ्या आणि चौथ्या कडीवरचा उपाय आहे. पाचवीवर ती काही अंशी चालते, पहिल्या दोन कड्यांवर मुळीच चालत नाही. प्रशासनाच्या आदेशाने शहराचे इंटरनेट थांबले, जसे नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत काही दिवस थांबले होते, तर घरात दोन जोडण्या असोत की चार, उपयोग होत नाही. कोणत्या दुखण्यावर कोणते औषध, हे आधी ठरवले म्हणजे पैसा वाया जात नाही.

नळ आणि बोअर

अकोलेकरांना ही व्यवस्था समजावणे सोपे आहे, कारण पाण्याच्या बाबतीत ती घरोघरी आहे. महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी नळाने काही दिवसांआड येते. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी अंगणात बोअर घेतलेली असते. दोन्ही पाइप गच्चीवरच्या एकाच टाकीत सोडलेले असतात आणि टाकीपासून खाली एकच पाइप घरात फिरतो. स्वयंपाकघरात तोटी उघडणाऱ्या आजीला पाणी नळाचे की बोअरचे, हे पाहावे लागत नाही. ते काम टाकीजवळचा व्हॉल्व्ह करतो.

दोन जोडण्यांच्या गृहजालात ही टाकी आणि हा व्हॉल्व्ह म्हणजे दोन 'वॅन' तोंडे असलेला राउटर. बाहेरून इंटरनेट आत येते त्या तोंडाला वॅन म्हणतात, घरातील यंत्रांकडे जाते त्या तोंडाला लॅन. दोन कंपन्यांच्या केबल दोन वॅन तोंडांत जातात आणि घरात एकच वाय-फाय फिरते. एक तार मेली तर राउटर दुसरीकडे वळतो.

इंटरनेटच्या घडणीतच ही दृष्टी आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील रँड संस्थेत पॉल बॅरन यांनी असे जाळे सुचवले की त्यातील काही गाठी नष्ट झाल्या तरी संदेश तुकड्या-तुकड्यांनी दुसऱ्या वाटांनी पोहोचावा. आजच्या इंटरनेटच्या मोठ्या मार्गांवर अशा अनेक वाटा असतात. रस्त्यावरच्या खांबापासून आपल्या दारापर्यंतच्या शेवटच्या काही मीटरमध्ये मात्र एकच वाट असते, आणि बहुतेक वेळा तीच तुटते.

दोन्ही जोडण्या खरोखर वेगळ्या आहेत काय

थोडे गणित करू. समजा, एक जोडणी महिन्याच्या तीस दिवसांत सरासरी एक दिवस बंद असते. दुसरीही तशीच आहे. दोन्हींची बिघाडाची कारणे सर्वस्वी वेगळी असतील, तर त्या एकाच दिवशी बंद असण्याची शक्यता १/३० × १/३० म्हणजे १/९०० होते. सुमारे अडीच वर्षांतून एखादा दिवस. इतका मोठा लाभ होतो म्हणूनच हा खटाटोप करायचा.

या गणितातील महत्त्वाचा शब्द 'वेगळी' हा आहे. दोन कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून, एकाच कडुलिंबाला बांधून घरात येत असतील, तर एक फांदी दोन्ही तोडते. मग वरचा गुणाकार कोसळतो आणि आपण दोन बिले भरून एकच जोडणी वापरत असतो. म्हणून दुसरी जोडणी घेण्यापूर्वी गच्चीवर उभे राहून पहिली केबल कोणत्या खांबाकडे जाते ते डोळ्यांनी पाहावे. नव्या कंपनीच्या माणसाला विचारावे की त्यांची केबल कोणत्या बाजूने येणार. शक्य असल्यास एक समोरच्या रस्त्याने आणि दुसरी मागच्या गल्लीने घ्यावी.

याहून चांगला मार्ग माध्यमच बदलण्याचा आहे. एक जोडणी फायबरची घ्यावी आणि दुसरी मोबाइल टॉवरवरून येणारी, चौथ्या किंवा पाचव्या पिढीची. झाडाची फांदी दोन्हींना एकदम तोडू शकत नाही. सिमकार्ड मात्र फायबर देणाऱ्या कंपनीचे नसावे, कारण एकाच कंपनीच्या केंद्रात बिघाड झाला तर दोन्ही सेवा एकत्र जाण्याचा संभव असतो.

ऐपतीप्रमाणे तीन पायऱ्या

प्रत्येक घराने मोठा खर्च करावा असे आमचे म्हणणे नाही. पहिली पायरी जवळजवळ विनाखर्च आहे. घरातील दोन मोबाइलमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवावीत आणि मुलांना हॉटस्पॉट सुरू करण्यास शिकवावे. अर्ज भरण्यापुरते हे पुरते. व्हिडिओच्या तासासाठी डेटाचा हिशेब ठेवावा. दोन एमबीपीएसने चाललेला तास ३६०० सेकंदांत ७२०० मेगाबिट, म्हणजे ९०० मेगाबाइट खातो. दिवसाला दीड जीबी मिळत असेल, तर तो पावणेदोन तासांच्या आतच संपतो.

दुसऱ्या पायरीत फायबरची जोडणी मुख्य असते आणि सिमकार्ड घालण्याची सोय असलेला किंवा यूएसबी डोंगल लावता येणारा राउटर राखीव म्हणून असतो. विद्यार्थी असलेल्या बहुतेक घरांना आम्ही हीच पायरी सुचवतो.

तिसऱ्या पायरीत दोन स्वतंत्र जोडण्या आणि दोन वॅन तोंडांचा राउटर येतो. ज्या घरात कोणाची रोजची कमाई इंटरनेटवर चालते, त्या घरालाच हा खर्च परवडतो आणि शोभतो. विकत घेण्यापूर्वी हातातल्या राउटरची मांडणी तपासावी. काही राउटरमध्ये एका लॅन तोंडाला दुसरे वॅन बनवण्याची सोय असते आणि नव्या खरेदीची गरज पडत नाही.

जोडणीचा क्रम

आता जठारपेठेतील त्या घरात तिसऱ्या पायरीची मांडणी करू.

एक. प्रत्येक कंपनी भिंतीवर स्वतःचा डबा लावून जाते. फायबरमधील प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संदेशात करणे हे त्याचे काम. लोक त्यालाच मोडेम किंवा राउटर म्हणतात. दोन्ही डब्यांच्या लॅन तोंडातून एकेक केबल काढून आपल्या राउटरच्या वॅन-१ व वॅन-२ मध्ये घालावी.

दोन. पत्त्यांची टक्कर टाळावी. जगातील आयपी पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते मावतात. म्हणून घराघरांत पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. अनेक डबे कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात. दोन्ही डब्यांचा आणि राउटरचाही तोच पत्ता असेल, तर एकाच गल्लीत एका क्रमांकाची तीन घरे असल्यासारखे होते आणि टपाल कोठे द्यावे हे राउटरला कळत नाही. एका डब्याला १९२.१६८.१.१, दुसऱ्याला १९२.१६८.२.१ आणि राउटरला १९२.१६८.१०.१ असे वेगळे पत्ते द्यावेत. 'दोन्ही लावले तरी एकच चालते' या तक्रारीमागे बरेचदा हेच कारण असते.

तीन. दोन्ही डब्यांचे स्वतःचे वाय-फाय बंद करावे. तसे न केल्यास आजोबांचा मोबाइल जुन्या नावाला चिकटून राहतो आणि ती जोडणी गेली की त्यांच्यासाठी सारेच बंद पडते. घरात वाय-फाय एकच असावे आणि ते आपल्या राउटरचे असावे. खालच्या मजल्यावर लहरी पोहोचत नसतील, तर जुन्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' करून केबलने जोडावे.

चार. राखीव पद्धत की वाटप पद्धत, हे ठरवावे. राखीव पद्धतीत एक जोडणी काम करते आणि दुसरी वाट पाहते. वाटप पद्धतीत दोन्हींवर भार विभागला जातो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ५० आणि ५० एमबीपीएसच्या दोन जोडण्या मिळून एका फाइलसाठी १०० होत नाहीत. एका संभाषणाचे सर्व तुकडे एकाच जोडणीने जातात, कारण प्रत्येक जोडणीचा बाहेरचा पत्ता वेगळा असतो आणि पलीकडचा संगणक दोन पत्त्यांवरून आलेले अर्धे-अर्धे संभाषण एकाच माणसाचे मानत नाही. भावाची बैठक एका वाटेने आणि मुलीचा तास दुसऱ्या वाटेने, एवढाच वाटपाचा लाभ. याच कारणाने वाटप पद्धतीत बँकेचे संकेतस्थळ कधी कधी मध्येच बाहेर काढते, कारण त्याला एकाच ग्राहकाचे दोन पत्ते दिसतात. एक यंत्र काही काळ एकाच वाटेवर राहील अशी सोय राउटरमध्ये असेल, तर ती सुरू ठेवावी. ती नसेल तर राखीव पद्धतच घ्यावी.

पाच. प्रकृतीची तपासणी दूरवर करावी. राउटरला पहिली जोडणी मेली हे कसे कळते? तो ठरावीक सेकंदांनी एका पत्त्याला हाक मारतो, तिला पिंग म्हणतात. ही हाक भिंतीवरच्या डब्यालाच मारली, तर बाहेर केबल तुटलेली असतानाही डबा 'ओ' देतो आणि राउटर निर्धास्त राहतो. म्हणून हाक इंटरनेटवरील स्थिर पत्त्यांना मारावी. ८.८.८.८ आणि १.१.१.१ या सार्वजनिक डीएनएस सेवा त्यासाठी सर्रास वापरल्या जातात. दोन पत्ते ठेवावेत, म्हणजे त्यांतला एक बंद पडला तरी खोटा गजर होत नाही. पाच-पाच सेकंदांनी मारलेल्या तीन हाका सलग वाया गेल्या की वाट बदलावी, असे ठरवले तर सुमारे पंधरा सेकंदांत बदल होतो.

सहा. वाट बदलताना बाहेरचा पत्ताही बदलतो, म्हणून चालू बैठक क्षणभर तुटते आणि पुन्हा जोडून घ्यावी लागते. बातम्या वाचणाऱ्याला हे जाणवत नाही, परीक्षा देणाऱ्याला मात्र जाणवते. म्हणून परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी त्या संगणकाला त्या काळातील अधिक स्थिर जोडणीवर बांधून ठेवावे आणि दुसरी केवळ राखीव ठेवावी. पहिली जोडणी सुधारताच राउटर लगेच तिच्याकडे परतत असेल, तर परतण्यापूर्वी काही मिनिटे थांबण्याची मुदत त्याला द्यावी. लंगडणारी जोडणी दर मिनिटाला ये-जा करू लागली, तर ती पूर्ण बंद असण्याहून अधिक त्रास देते.

वीज, ऊन आणि विजा

दोन जोडण्या असूनही वीज गेल्याबरोबर दोन्ही डबे विझले, तर सारे श्रम व्यर्थ. दोन डबे आणि एक राउटर मिळून साधारण ३० वॅटच घेतात, म्हणजे एका पंख्याहून कमी. घरी इन्व्हर्टर असल्यास ही तिन्ही उपकरणे त्याच्या जोडणीवर घ्यावीत. वीज जाण्याच्या क्षणी इन्व्हर्टर जी किंचित खोटी घेतो, तेवढ्याने राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होण्यात दोन-तीन मिनिटे घालवतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस' नावाची कळ असेल, तर ती तशी ठेवल्यास ही खोटी कमी होते. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटे मिनी यूपीएस मिळतात. ते घेताना उपकरणाच्या अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे जुळवून पाहावेत. ३० वॅट-तासांची बॅटरी १० वॅटच्या डब्याला कागदोपत्री तीन तास देते, प्रत्यक्षात काहीशी कमी.

उपकरणे पत्र्याच्या छताखाली किंवा टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नयेत. भिंतीवर मोकळ्या हवेत टांगावीत. वादळात विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर काढून ठेवावेत. फायबर काचेचा असल्याने त्यातून वीज वाहत नाही, पण विजेच्या तारेतून आणि मजल्या-मजल्यांतील तांब्याच्या लॅन केबलमधून धक्का आत येऊ शकतो.

सुरक्षितता आणि शेजारधर्म

राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि वाय-फायसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हीच पद्धत निवडावी. पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' नाव ठेवावे, म्हणजे घरातील संगणक त्यांना दिसत नाहीत. शेजारच्या मुलाला अर्ज भरायचा असेल, तर त्याला घरी बोलावून, बसवून भरू द्यावा. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण अशाच उघड्या दारांमुळे झाले आहे. पासवर्ड मात्र गल्लीभर वाटू नये. जोडणी ज्याच्या नावावर असते, तिच्यावरून झालेल्या गैरकृत्याची चौकशी प्रथम त्याच्याच दाराशी येते.

परीक्षा पाहून मगच विश्वास ठेवावा

राखीव जोडणीचा मोठा दोष हा की ती बंद पडली तरी कळत नाही, कारण ती रोज वापरात नसते. रिचार्ज संपलेले असते, डोंगल सैल झालेला असतो आणि हे नेमके अर्जाच्या शेवटच्या रात्री उघड होते. म्हणून महिन्यातून एकदा, एखाद्या रविवारी, मुख्य जोडणीची केबल हाताने काढावी. घड्याळ लावून किती सेकंदांत दुसरी वाट सुरू होते ते पाहावे, दुसऱ्या वाटेवर दहा मिनिटे व्हिडिओ चालवून पाहावा, मग केबल परत लावावी. पुढच्या रविवारी राखीव जोडणी काढून हाच प्रयोग करावा.

राउटरशेजारी एक वही टांगावी. तीत दोन्ही कंपन्यांचे ग्राहक क्रमांक, तक्रारीचे दूरध्वनी, रिचार्जच्या तारखा, तिन्ही उपकरणांचे पत्ते आणि कोणती केबल कोठे जाते याचे साधे चित्र असावे. राउटरचा पासवर्ड वेगळा, जपून ठेवावा. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवावी. पाहुण्यांच्या गर्दीत कोणी केबल ओढली, तर ती पुन्हा कोठे लावावी हे चिठ्ठीवरून कळते.

शेवटची सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ही व्यवस्था घरातील एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये. बहुधा ती थोरल्या मुलाला ठाऊक असते आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला की घर पुन्हा आंधळे होते. वहीतील चित्र बारावीच्या मुलीकडून काढून घ्यावे आणि रविवारचा प्रयोग तिच्याच हातून करवावा. कोणत्या डब्यावरचा कोणता दिवा लाल झाला म्हणजे कोणत्या कंपनीला फोन करायचा, एवढे आजीलाही दाखवून ठेवावे. प्रवेशफेरीच्या शेवटच्या रात्री घरात त्या दोघीच असतील, तरी अर्ज वेळेत गेला पाहिजे.